बिनखिशाचे सर

"कुणाचा आहे हा? बऱ्या बोलानं सांगा, कुणाचा?"

सर ओरडत होते. सरांचा आवाज असा की ते आमच्या संस्थेच्या फाटकाशी नुसते शिंकले तरी चामराजपेटेतल्या त्यांच्या घरी बायको "जपा हो" म्हणायची. आणि मधे अर्धं बंगळूर पसरलेलं असायचं. त्या सकाळी तर ते बेंबीच्या देठापासून ओरडत होते, तेही नोकरांच्या चाळीमागच्या परसात. बायका भराभरा बाहेर आल्या. कुणीतरी रात्रीतून तान्हं मूल टाकून गेलं, असाच सगळ्यांचा समज झाला. एक ड्रायव्हर तर विचारण्याआधीच "मी आठ दिवस गावाला होतो" असं सांगून मोकळा झाला.

मी धावत पोचलो तेव्हा सर एका टोमॅटोच्या झाडाची मानगूट धरून उभे होते.

"आमचा आहे की," माळी हणमोजीची बायको सुंदराक्का म्हणाली. ही माणसं पिढ्यानपिढ्या बंगळूरजवळच्या आनेकलकडची, घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. "आपोआप उगवलाय. दोन झाडं आहेत. का अण्णा, काय झालं?"

"आपोआप?" सरांनी एक लालबुंद टोमॅटो अंगठ्यानं दाबला. दबला नाही. "हा पिकला कधी?"

"झाला की महिना."

"महिनाभर झाडावर? सडला नाही? गळला नाही?"

"नाही. चांगली जात आहे."

सर कपडे धुवायच्या दगडावर मटकन बसले. त्यांचा आवाज गेला. एवढ्या वर्षांत तो मी पहिल्यांदाच गेलेला पाहिला.

तो का गेला हे कळायला आमचे सर कळायला हवेत. आणि ते कळायला त्यांची विजार.

ही नव्वदीच्या शेवटाकडची गोष्ट. माझ्याबरोबर नागपूरहून आलेली पोरं इलेक्ट्रॉनिक सिटीत संगणकांपुढं बसून फुगत होती, आणि मी एका हरितगृहात टोमॅटोच्या बिया मोजत होतो. साधा टोमॅटो नव्हे. टोमॅटोला पिकल्यावर मऊ पाडणारा जनुक टोमॅटोच्याच अंगात असतो. सरांनी काय केलं, तर तोच जनुक उचलून, उलटा करून, पुन्हा त्याच्यातच घातला. समोर आपलंच उलटं भूत बघून मूळच्याची वाचा बसली. टोमॅटो लाल व्हायचा, पण मऊ पडायला विसरायचा. एक फळ सरांच्या टेबलावर इतके दिवस पडून होतं की झाडणारी बाई त्याला कागदावरचं वजन समजून रोज पुसून ठेवायची.

सर निपाणीकडचे. वडिलांचा भाजीचा गाळा होता. दुपारच्या उन्हात माल कसा पाणी पाणी होतो, संध्याकाळी त्याच्यावर कशा माश्या बसतात, हे बघत ते मोठे झालेले. अकरा वर्षं त्यांनी या एका टोमॅटोवर घातली. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि आता एकच गोष्ट बाकी होती: आनेकलला एका एकरात, उघड्या आभाळाखाली, त्याची पहिली लावणी. त्यासाठी दिल्लीहून समिती येऊन परवानगी देणार होती. एका एकरासाठी माणूस जीव टाकतो म्हणजे काय, ते मी त्यांच्यात पाहिलं. आनेकलच्या त्या रिकाम्या जमिनीवर ते रविवारी जायचे आणि नुसते उभे राहून परत यायचे.

पण हाच माणूस आपल्याच टोमॅटोला इतका भ्यायचा, की तेवढं आम्ही वाघाला भीत नव्हतो.

आत घातलेल्या जनुकाला ते "पाहुणा" म्हणत. "पाहुण्याला बसायला पाट द्यायचा, चहा द्यायचा. पण शेजाऱ्याच्या घरात तो न विचारता जाणार नाही, ही जबाबदारी कुणाची? यजमानाची. सरी?" हे 'सरी', म्हणजे कन्नडातलं 'बरोबर ना', त्यांच्या प्रत्येक वाक्याला शेपटासारखं असायचं, आणि त्यावर मान डोलावणं सक्तीचं होतं.

पाहुणा बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी जे काही केलं ते जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेनं केलं नसेल. हरितगृहात जाणाऱ्या प्रत्येकाच्या विजारीला खिसे नसायचे. "खिसा म्हणजे विसरायची जागा," सर म्हणायचे. "बी तिथंच बसतं." विजारीची खालची दुमड कापलेली, बाह्यांना चुणी नाही. बाहेर पडताना दाराशी केस विंचरायचे, खाली पांढरा कागद धरून. एकदा माझ्या डोक्यातून तीळ पडला. घरी संक्रांत झाली होती. सरांनी तो तीळ भिंगाखाली घातला, तपासला, आणि तो तीळच आहे यावर माझी सही घेतली.

विजारी शिवणारा टेलर चामराजपेटेतला. पहिल्या वेळी बारा विजारी, एकीलाही खिसा नको, असं सांगितल्यावर त्यानं टेप गळ्यात टाकली आणि हळूच मला बाजूला घेतलं. "तुमच्याकडं पगार देत नाहीत का हो?"

आम्ही किल्ल्या गळ्यात घालायचो, बसचे पैसे रुमालात बांधून मनगटाला गुंडाळायचो. बसचे कंडक्टर आम्हाला लांबून ओळखायचे. एक तर आम्हाला बघून हात जोडायचा, त्याला आम्ही कुठल्याशा पंथाचे वाटायचो. सरांनी तर घरच्याही विजारी तशाच शिवून घेतल्या. लग्नात, सभेत, कुठंही गेले तरी हातांचं करायचं काय हे त्यांना कळायचं नाही. मग ते हात पाठीमागे बांधून, पेन्सिल कानावर खोचून, तुरुंगाच्या पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखे फिरायचे.

त्यांचा दुसरा छंद म्हणजे एक प्रश्न. कुणीही काहीही नवं सांगितलं की ते चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "बाहेर पडलं तर जाईल कुठं?" हा प्रश्न त्यांनी पीएचडीच्या मुलांना विचारला, दोन मंत्र्यांना विचारला, आणि आमच्या खानावळवाल्यानं नवीन मिसळ सुरू केली तेव्हा त्यालाही विचारला. त्या मिसळीच्या बाबतीत तो अत्यंत योग्य होता.

सरांना मधुमेह होता. एकदा मराठी मंडळात त्यांचं भाषण ठेवलं होतं. विषय जनुकांचा, श्रोते पोह्यांचे. भाषणाच्या मध्यावर सरांनी घड्याळ बघितलं, शर्ट वर केला, आणि माईकसमोर पोटात सुई टोचून घेतली. पहिल्या रांगेतल्या दोन काकू गळाठल्या.

"हे इन्शुलिन," सर बाटली दाखवत म्हणाले. "माणसाचं आहे, पण माणसानं केलेलं नाही. माणसातला एक धडा काढून जंतूला शिकवला. तो बिचारा टाकीत बसून घोकतोय आणि मी इथं उभा आहे. पूर्वी डुकराचं, गाईचं टोचायचे."

पुण्याहून नुकताच आलेला एक तरुण इंजिनियर उठला. "सर, मग प्रॉब्लेम काय आहे? इन्शुलिन ओके, तर टोमॅटोही ओके. लॉजिक सेमच आहे ना? तुम्हीच एवढे घाबरलात तर लोकांनी काय करायचं?"

"बस. छान विचारलंस. जंतू टाकीत आहे. टाकीला झाकण आहे. आणि ही सुई मी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या पोटात टोचतोय. मला विचारलंय. मी हो म्हटलंय. टोमॅटो काय करतो? भाजीतून येतो. तुझ्या आईच्या पानात पडतो. त्यानं तिला विचारलं का? सरी?"

"पण तो सेफ असेल तर?"

"सेफ असेल रे. आहेच बहुतेक. न विचारता घरात आलेला सज्जन माणूससुद्धा न विचारता आलेलाच असतो."

मंडळानं त्यांना पुन्हा बोलावलं नाही, पण ते श्रोते पोह्यांवर असताना सुई टोचली म्हणून.

त्याच सुमारास शेतकऱ्यांचा एक मोर्चा फाटकावर आला होता, "परक्या बियाण्याला गाडा" म्हणत. संचालक मागच्या दारानं निघून गेले. सर पुढच्या दारानं बाहेर गेले आणि तासभर त्यांच्यात बसले. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले? "घाबरलेत. पण कशाला घाबरायचं ते त्यांना नीट माहीत नाही. मला माहीत आहे. मी त्यांना तीन कारणं जास्तीची सांगून आलो." संचालकांना हे कळल्यावर त्यांनी दुसऱ्यांदा मागचं दार वापरलं.

असा हा माणूस. आणि याच्याच हरितगृहातला पाहुणा सुंदराक्काच्या परसात कोथिंबिरीशेजारी ऐसपैस बसला होता. तोही गुरुवारी, आणि समिती सोमवारी येणार होती.

शुक्रवारी आम्ही त्या झाडाची पानं वाटून तपासली. जनुक तपासायच्या जेलवर रेघ उमटली, नेमकी आमच्या टोमॅटोच्या रेघेशेजारी, जुळ्या भावासारखी. शंकेला जागाच नव्हती.

शनिवारी दुपारी सरांनी मला नोंदवही घेऊन बोलावलं. टेबलावर प्रशासनवाल्या साहेबांनी तयार केलेलं पत्र होतं. माळी हणमोजी यानं हरितगृहातलं बी चोरून परसात लावलं, सबब त्याला कामावरून काढण्यात येत आहे. खाली सरांच्या सहीची जागा मोकळी. साहेबांचा हिशेब सरळ होता: सोमवारी समितीला चोर दाखवायचा, भोक बुजवल्याचं सांगायचं आणि आनेकलचा एकर पदरात पाडून घ्यायचा. हणमोजी दाराबाहेर टोपी हातात धरून उभा होता.

सरांनी पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"नागपूरकर, हणमोजीच्या विजारीला खिसे आहेत?"

"नाहीत सर."

"केस?"

"चकचकीत टक्कल आहे सर."

"मग बी नेलं कशातून? वाच नोंदवही. एकेक फळ वाच."

आमच्याकडं प्रत्येक फळाला नंबर असायचा. बिया दोघांनी मोजायच्या, आकडे जुळले की जपून ठेवायच्या; जे फळ नको ते भट्टीत घालून जाळायचं, पुढं "नष्ट" लिहायचं आणि दोघांनी सही करायची. मी वाचू लागलो. नष्ट. नष्ट. नष्ट. पानं संपत होती आणि भोक काही सापडत नव्हतं.

"हे एक फळ, सर. नष्ट. पण इथं तुमची एकट्याची सही आहे."

"हं. पुढं."

"पुढच्या सोमवारी आणखी एक. तुमचीच एकट्याची."

"हं."

"सर, दर सोमवारी एक आहे. वर्षभर. हे भट्टीत कुणाबरोबर घातलंत?"

त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, आणि दोन्ही हात हळूहळू पोटावर नेले.

"खाल्लं," ते म्हणाले.

"काय?"

"खाल्लं रे. दर सोमवारी एक, आत उभ्या उभ्या. लोकांच्या ताटात वाढायचं तर आधी वाढणाऱ्यानं खाऊन बघायला नको? वर्षभर खातो, मला काही होतंय का बघतो, मगच परवानगी मागतो, असं ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नाही. तुम्हीही खायला लागला असतात. आणि पोटात गेलं म्हणजे नष्टच झालं, म्हणून तसं लिहिलं."

"मग झालंच की नष्ट!"

सर माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी दाराकडं हाक मारली. "हणमोजी! हरितगृहाच्या संडासाची टाकी उपसली होती ना मागं? तो गाळ कुठं टाकलास?"

हणमोजी आत आला. शिक्षा होणार म्हणून तो आधीच निम्मा झाला होता. "परसात, अण्णा. वाळवून. स्वल्पच होता. खत चांगलं होतंय."

सरांनी हातानंच खूण करून हणमोजीला पुन्हा बाहेर पाठवलं.

"टोमॅटोचं बी," सर म्हणाले, "माणसाच्या पोटातून अखंड बाहेर येतं. रुजतं. हे मी पदवीच्या मुलांना नऊ वर्षं शिकवलंय. दर वर्षी मुलं हसायची. विजारीचे खिसे काढून टाकले मी. देवानं दिलेला सगळ्यात मोठा खिसा घेऊन रोज आत जात होतो."

मी दार लावून घेतलं. आता सांगायला लाज वाटते, पण त्या वेळी वाटली नव्हती. माझी नोकरी आनेकलच्या एकरावरच लांबणार होती. मी म्हणालो, "सर, हे आपल्या दोघांतच आहे. सही करून टाका. हणमोजीला मी दुसरीकडं लावून देतो, माझ्या ओळखीचे आहेत. अकरा वर्षं आहेत सर."

सरांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू माझ्या विजारीला त्यांना खिसा सापडला होता.

"अकरा वर्षं माझी आहेत," ते म्हणाले. "हणमोजीची किती आहेत विचारलंस?" मग पत्राच्या चार घड्या घातल्या. ठेवायला खिसा नव्हता. त्यांनी ते फाडलं.

सोमवारी समिती आली. पाच जण, पाच कोट. चहा झाला, सँडविच आली. सर उभे राहिले आणि त्यांनी आपल्या टोमॅटोचा प्रवास सांगितला: फांदीवरून तोंडात, तोंडातून पोटात, पोटातून टाकीत, टाकीतून परसात, परसातून सुंदराक्काच्या चुलीवर. एकही टप्पा गाळला नाही. सगळं इंग्रजीत, वर फळ्यावर बाण काढून. टाकीपाशी आल्यावर एका सदस्यानं हातातलं सँडविच उघडून आत काय आहे ते बघितलं, आणि मिटून बशीत ठेवलं. प्रशासनवाले साहेब भिंतीचा रंग झाले होते.

अध्यक्ष बाई वयस्कर होत्या. त्यांनी विचारलं, "हे तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलं असतं का?"

"नाही," सर म्हणाले.

"आणि हे सांगितल्यावर आम्ही काय करणार ते तुम्हाला माहीत आहे?"

"मी तुमच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं."

परवानगी मिळाली नाही. सगळी झाडं, फळं, बिया जाळून टाकायचा आदेश आला. बुधवारी आम्ही भट्टी पेटवली. सरांनी प्रत्येक झाड स्वतः उपटून आणलं, नंबर वाचला, घातलं. मी सही करत होतो. नोंदवहीच्या शेवटच्या पानावर आल्यावर मला शब्द लिहवेना, तर त्यांनी वही ओढून स्वतः लिहिलं. खोटं सांगत नाही, नागपूरचा असूनही: त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते हिशेब तपासणाऱ्यासारखे दिसत होते, फक्त ओठ हलत होते. आनेकलच्या त्या एकरात पुढच्या वर्षी कुणीतरी नाचणी लावली.

पण त्यांना खरं खात होतं ते वेगळंच. गुरुवारी ते मला म्हणाले, "चल, सुंदराक्काकडं जाऊन येऊ." इस्त्रीचा शर्ट घातला होता. देवळात निघाल्यासारखे.

सुंदराक्का पायरीवर पालेभाजी निवडत बसली होती. तिनं स्टूल दिलं. सर बसले नाहीत. हात पाठीमागे बांधून त्यांनी तिला सगळं सांगितलं: पाहुणा म्हणजे काय, तो उलटा का घातला, तिच्या घरी तो कसा आला. अर्धा तास तरी बोलले. ती देठ मोडत ऐकत होती. शेजारपाजारच्या तीन घरांतही तिनं ते टोमॅटो वाटले होते, हे तिनं मधेच सांगितलं, आणि सरांचा चेहरा आणखी उतरला.

"मी आधी स्वतः खाल्लं ते एवढ्याचसाठी," सर म्हणाले, "की दुसऱ्या कुणाला न विचारता खावं लागू नये. आणि माझ्या खाण्यामुळंच तुम्ही सगळ्यांनी न विचारता खाल्लं. याची माफी कशी मागायची ते मला कळत नाही. तुमचा तो हक्क होता, सुंदराक्का. तुम्हाला विचारायला हवं होतं."

तिनं आणखी एक देठ मोडला.

"पोराबाळांना काही त्रास? पोटदुखी? अंगावर पुरळ?"

तिनं मान हलवली. नाही.

सरांनी कानावरची पेन्सिल काढली. अकरा वर्षांत त्यांचा टोमॅटो एवढी माणसं कधी जेवली नव्हती, आणि पुन्हा जेवणारही नव्हती. आवाज शक्य तेवढा खाली आणून त्यांनी विचारलं, "मग काही वेगळं जाणवलं का? काहीही. मला वाईट वाटेल म्हणून लपवू नका. खरं सांगा."

सुंदराक्कानं हातातली जुडी बाजूला ठेवली आणि थोडा विचार केला.

"चव नव्हती, अण्णा," ती म्हणाली. "साराला चिंच घालावी लागायची."